जिथून माती मागे फिरत नाही

भौतिक बदल म्हटला की बर्फ, रासायनिक बदल म्हटला की जळणारा कागद. ही उदाहरणं पाठ होतात, पण हाताला काही लागत नाही. हायस्कूलमध्ये कुंभारकाम शिकवलं, तर हे दोन्ही बदल मातीच्या एकाच गोळ्यात एकामागून एक बघायला मिळतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी अनुभवायच्या हस्तव्यवसायांत कुंभारकामाचं नाव आहे. माझ्या मते ते नववी-दहावीतही हवं, आणि तेही विज्ञानाच्या तासाला.

नाशिकच्या आसपासची काळी माती मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. बेसाल्ट या काळ्या खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगतं आणि पाणी गेलं की आकसतं. नुसत्या अशा मातीचं भांडं वाळतानाच तडकेल. म्हणून कुंभार गाळाची माती निवडतो, तिच्यात राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळतो. राख-वाळू आकसत नाही. लीद भट्टीत जळते आणि मागे छिद्रं ठेवते.

चाकावर माती वळते, कारण तिचे कण चपटे आणि अतिसूक्ष्म, बहुतेक दोन मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) लहान असतात. एकावर एक ठेवलेल्या ओल्या काचांसारखे ते सरकतात, पण सहजी सुटत नाहीत. मुलांना सगळ्यात जड जातं ते गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसवणं. तो जरा कलला की भांड्याची भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. पातळ बाजू आधी वाळते, आधी आकसते, आणि या ओढाताणीत तडा जातो.

आता एक प्रयोग. दोन कच्च्या पणत्या घ्या, एक उन्हात खडखडीत वाळलेली, दुसरी अजून ओलसर. दोन्ही पाण्यात सोडा. आधी कोणती ढासळेल? ओलसर, असं बहुतेकांना वाटतं. घडतं उलट. कोरडीतून बुडबुडे निघू लागतात, कडा पापुद्र्यांनी सुटतात आणि थोड्याच वेळात तळाशी चिखलाचा ढीग होतो. कोरडी छिद्रं पाणी झपाट्याने ओढून घेतात, आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि माती फोडून बाहेर पडते. ओलसर पणतीची छिद्रं आधीच भरलेली असल्याने ती बराच वेळ तग धरते. हा सगळा भौतिक बदल. तो ढीग उचला, मळा, पुन्हा पणती करा.

भट्टीत मात्र गणित बदलतं. 100 अंश सेल्सिअसला उरलेल्या पाण्याची वाफ होते. तिला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते, म्हणून ओल राहिलेलं जाड भांडं घाईने तापवलं तर फुटतं. खरा, म्हणजे रासायनिक, बदल होतो साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान. खनिजाच्या रचनेतच बांधलेले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) तेव्हा पाण्याच्या रूपाने निघून जातात. केओलिनाइट या मातीतल्या खनिजाचं, ते शुद्ध असेल तर, जवळपास 14 टक्के वजन असं कमी होतं. आता ते खनिजच उरलेलं नसतं, त्यामुळे भांडं कितीही भिजवलं तरी चिखल होत नाही. भट्टीत हवा खेळती असेल तर लोहामुळे ते तांबडं होतं, धूर कोंडला तर काळं.

या बदलाचा पुरावा आपल्याच भागात जमिनीखाली सापडला आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळच्या जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीची तांबड्यावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली भांडी सुमारे तीन हजार वर्षं जुनी आहेत. ती इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. पक्क्या भाजणीत कण एकमेकांना घट्ट जोडले जातात, म्हणून कंप भांडंभर पसरतो आणि नाद उमटतो. मुलांनी आपापल्या भांड्यांची हीच परीक्षा घ्यावी. भाजणी कच्ची राहिली असेल किंवा कुठे केसाएवढी चीर असेल, तर कंप तिथेच विरतो आणि आवाज बद्द येतो.