'रिमूव्ह टू'च्या मागची दोन शतके

'रिमूव्ह टू' (वाक्यातला 'too' काढा), 'नो सूनर दॅन वापरा', 'मेक इट सिम्पल'. सोलापुरात दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला बसलेल्या कुणालाही हे प्रश्न आठवतील. सिम्पल (एकच विधान), कम्पाउंड (बरोबरीची वाक्ये जोडलेली) आणि कॉम्प्लेक्स (मुख्य वाक्य आणि त्याच्या आधाराने उभे उपवाक्य) या वाक्याच्या तीन जाती आपण अशा पाठ करतो, जणू त्या इंग्रजीबरोबरच जन्मल्या. प्रत्यक्षात त्या बऱ्याच अलीकडच्या आहेत.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकारने 1586 मध्ये लिहिले, तेही लॅटिनच्या मापाने. पुढे दोन शतके व्याकरण म्हणजे मुख्यतः शब्दांच्या जाती आणि त्यांची रूपे. 1795 मध्ये लिंडली मरेचे व्याकरण आले आणि शाळाशाळांतून चालले. त्यात वाक्याचे प्रकार दोनच आहेत, सिम्पल आणि कम्पाउंड. आज आपण ज्याला कॉम्प्लेक्स म्हणतो ते वाक्यही मरेच्या हिशेबी कम्पाउंडच. तिसरी जात रुळली ती एकोणिसाव्या शतकात. कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन व्याकरणकाराच्या विचारांवरून जे. डी. मोरेल याने 1852 मध्ये वाक्यपृथक्करणाचे पुस्तक काढले. वाक्य उद्देश्य-विधेयात सोडवायचे आणि कुठले उपवाक्य कुणाच्या आधाराने उभे आहे ते दाखवायचे, ही पद्धत तिथून शाळांत शिरली.

इकडे 1854 मध्ये हिंदुस्थानातल्या शिक्षणाची घडी घालून देणारा वूडचा खलिता आला, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ. म्हणजे मुंबई इलाख्यात इंग्रजी शाळा वाढत होत्या, तेव्हा ही पद्धत विलायतेतही नवीच होती. हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नेसफील्डने ती इथल्या परीक्षांसाठी बांधून दिली. 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. मराठी व्याकरणातले केवल, संयुक्त, मिश्र हे प्रकारही याच वळणाचे आहेत. एका वाक्याचे दुसऱ्या जातीत रूपांतर करण्याचे आपले प्रश्न या परंपरेतून उरले आहेत.

पण मुलांना अडते ते दुसरीकडेच, आणि त्याची मुळे खूप जुनी आहेत. 'राजाने वाघाला मारले' हे 'वाघाला राजाने मारले' असे फिरवले तरी मेला तो वाघच. 'ने' आणि 'ला' अर्थ सांभाळतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते आणि शब्द बरेच मोकळेपणाने फिरत. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजत गेले. मग कोण मारणारा आणि कोण मरणारा, हे सांगायचे काम जागेवर पडले: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. आजच्या इंग्रजीत जागा बदलली की राजा मरतो!

सोलापूरच्या मुलाला हे जड जाणारच. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू, शेजारी कानडी किंवा उर्दू, शाळेत मराठी. आणि या चारही भाषांत क्रियापद सहसा शेवटी येते. मराठीची 'जो-तो'ची जोडी घ्या: 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ'. इंग्रजीत ही जोडी नाही. तिथे 'द बॉय' आधी येतो आणि 'हू केम यस्टरडे' त्याच्या पाठीमागे लागते. कानडीत 'निन्ने बंद हुडुग', तेलुगूत 'निन्न वच्चिन अब्बायि', मराठीत 'काल आलेला मुलगा'. तिन्हींत 'हू'सारखा शब्दच लागत नाही. मराठीची ही लकब द्राविडी शेजाराने बळावली, असे काही भाषाभ्यासक मानतात, आणि सोलापुरात तो शेजार रोज कानावर पडतो.

माझ्या मते कॉम्प्लेक्स वाक्य शिकवायला इथूनच सुरुवात करावी. जून 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे. 'काल आलेला मुलगा' फळ्यावर लिहून, त्यातला 'आलेला' उचलून 'बॉय'च्या मागे नेऊन ठेवायला मुलांना सांगितले, तर 'हू' कशासाठी लागतो ते त्यांना हाताने कळेल. आमच्या वर्गात 'रिमूव्ह टू' शंभरदा झाले, हे एकदाही झाले नाही.