वेंगुर्ल्याचे किनारे आडबाजूला पडले कसे?

देवबागच्या टोकावरून होडीत बसलेला पर्यटक कर्ली नदीच्या मुखापलीकडचं भोगवे लांबून बघतो, निवतीचे पिवळसर-तांबडे खडक कॅमेऱ्यात घेतो आणि जेवायला परत मालवणात जातो. भोगव्यापासून दक्षिणेला रेडीपर्यंतचा सगळा पट्टा वेंगुर्ले तालुक्यातला. निवती, खवणे, केळूस, कोंडुरा, वायंगणी, सागरेश्वर, मोचेमाड, आरवलीचं सागरतीर्थ, शिरोड्याचं वेळागर. या नावांमागे हल्ली ‘अनटच्ड’, ‘व्हर्जिन’ अशी विशेषणं चिकटवली जातात. वेंगुर्ल्याच्या बंदरात किती आरमारं आणि आगबोटी येऊन गेल्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती वाचून हसूच येईल.

डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार घातली ती १६३०च्या दशकात. मुलूख तेव्हा आदिलशाहीचा. व्यापार होताच, पण खरा डोळा गोव्यावर होता. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, शिधा आणि बातम्या पुरवणारं जवळचं ठाणं हवं होतं. त्या वखारीचे अवशेष अजून वेंगुर्ल्यात उभे आहेत. समुद्र बघायला आलेले लोक मात्र तिकडे फारसे फिरकत नाहीत.

१८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेलं आणि १८१९ मध्ये निवती आणि रेडीचे किल्लेही पडले. बेळगावच्या छावणीला समुद्राशी जोडणारं बंदर म्हणून इंग्रजांनी वेंगुर्ल्याला महत्त्व दिलं. आधी रामघाट, मग आंबोलीचा घाट, असे रस्ते त्यासाठीच सुधारले गेले. घाटावरचा माल बैलगाड्यांनी बंदरात उतरायचा. पुढे १८८०च्या दशकाअखेरीस कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत रेल्वे आली आणि घाटावरचा बराच माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याला पहिला फटका बसला तो हा.

माणसांची वाहतूक मात्र चालू राहिली. मुंबईचा चाकरमानी आगबोटीने गावी यायचा. बोट खोल पाण्यात थांबायची, मग पडावात उतरायचं आणि ट्रंका-वळकट्या सांभाळत धक्का गाठायचा. पावसाळ्यात समुद्र बंद. एसटी आणि घाटरस्ते सुधारत गेले तशी ही बोटवाहतूकही संपली. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला, पण गाडी जाते कुडाळ-सावंतवाडीवरून, बंदरापासून वीस-पंचवीस किलोमीटर आतून. ज्या गावाचं तोंड समुद्राकडे होतं, त्याच्याकडे यायची वाट आता पाठीमागून झाली.

रेल्वे तर मालवणपासूनही लांबच आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ला होता, तारकर्लीला पर्यटन महामंडळाचा मुक्काम होता आणि नंतर स्कूबा आलं. वेंगुर्ल्याकडे एक ठळक आकर्षण नाही. आहेत ते सुटे सुटे किनारे, मध्ये डोंगराचे सुळके आणि खाड्या. एका पुळणीवरून दुसरी दिसते, पण तिथे जायला आत वळून, दोन वाड्या ओलांडून पुन्हा खाली उतरावं लागतं. रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे १९८०च्या आसपासची. तो रस्ता अजूनही तुकड्यातुकड्यांनीच होतो आहे.

या किनाऱ्यांवर पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं काम रापणीचं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याची दोन टोकं काठावर राहतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं रेतीत टाचा रोवून ओढायला लागतात. हा खेळ नव्हे, तासन् तास चालणारं काम आहे. जाळं जवळ आलं की वर पक्ष्यांची गर्दी होते, आत बांगडे, पेडवे तडफडताना दिसतात आणि मग वाटे पडतात. यांत्रिक नौका आणि अख्खा थवा वेढून पकडणारी पर्ससीन जाळी वाढल्यापासून रापणकरांच्या हाती मासळी कमी लागते. त्यावरून इथे मोठे संघर्ष झाले आहेत.

शिरोड्याला लोक वेळागरच्या सुरूच्या बनासाठी जातात. खाडीकडची मिठागरं त्यांच्या यादीत नसतात. १९३०च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तो याच शिरोड्यात. सत्याग्रहींत बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी होते, ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धनही होते. भोवतीचा मुलूख सावंतवाडी संस्थानचा, पण वेंगुर्ले पेटा, म्हणजे छोटा तालुका, ब्रिटिशांचा, म्हणून सरकारचा मिठाचा कायदा मोडायचा तर तो इथे. वि. स. खांडेकर त्या वेळी गावातल्या शाळेत शिक्षक होते. एका लहान गावाच्या वाट्याला एवढं आलं आणि आज पाटीवर लिहिलेलं असतं ‘शिरोडा बीच’!

रेडीची गोष्ट वेगळी. तिथे यशवंतगड आहे, आणि लोहखनिजाची खाण. समुद्रकिनारी खनिजाचा धंदा चालला, त्यामुळे पर्यटनाचं नाव कोणी काढलं नाही. १९७६ साली खाणीच्या परिसरातच द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली आणि रेडीला गर्दी होऊ लागली ती भाविकांची.

वायंगणीला निमित्त झालं कासवांचं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री वर येतात, रेतीत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्वी ही अंडी सर्रास काढून नेली जायची. पुढे गावातल्याच लोकांनी घरटी राखायला सुरुवात केली आणि पिल्लं सोडण्याच्या दिवसांत इथे कासव जत्रा भरू लागली. किनाऱ्यावर झगझगीत दिवे नाहीत याचा फायदा कासवांना होतो, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. हॉटेलवाल्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

सिंधुदुर्ग १९९०च्या दशकात पर्यटन जिल्हा जाहीर झाला. वेळागरला तारांकित हॉटेलासाठी जमीन घेण्याचं घाटलं, त्याला गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तोही याच तालुक्यात, परुळ्याजवळ. भोगवे, निवती आणि खवणे तिथून हाकेच्या अंतरावर. कर्लीपलीकडून लांबून बघितला जाणारा भाग आता सगळ्यांत जवळचा ठरला आहे आणि जमिनींचे व्यवहार त्या हिशेबाने चालले आहेत. जायचं तर मोचेमाड आणि भोगव्याला खाडीच्या मुखाशी पोहू नका. ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर खेचतं आणि दर किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं नाही.