फर्लोवर आलेलं कुटुंब : पार्श्वभूमी

या उन्हाळ्यात भायखळ्याच्या चर्चमधल्या उपासनेत शेवटी सूचना वाचली गेली : परदेशात मिशनरी सेवा करणारं आपलं कुटुंब फर्लोवर आलं आहे, त्यांना घरी जेवायला बोलवा. बाहेर आल्यावर दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "फर्लो म्हणजे कैद्यांना मिळते तीच ना?"

विचारणाऱ्यांची चूक नाही. महाराष्ट्रात हा शब्द वर्तमानपत्रात दिसतो तो तुरुंगाच्याच बातमीत. १९५९ च्या नियमांनुसार मिळणाऱ्या या रजेला सरकारी मराठीत 'संचित रजा' म्हणतात आणि पॅरोलला 'अभिवचन रजा'. शब्द मूळचा डच, शिपायाला पलटणीतून घरी जायला मिळणाऱ्या परवानगीचा. कंपनी सरकारात तो लष्करी आणि मुलकी साहेबांच्या लांब रजेला लागला आणि मिशनांच्या वापरातही रुळला. शिपाई असो, साहेब असो की कैदी, अर्थ एकच : काही दिवस सुटका. मिशनरी कुटुंबाच्या बाबतीत नेमकं तेच खरं नाही.

फर्लोवरचं, म्हणजे काही वर्षांच्या सेवेनंतर काही महिने मायदेशी आलेलं मिशनरी कुटुंब दर रविवारी नव्या मंडळीत, म्हणजे नव्या चर्चमध्ये, उभं असतं. सेवेचा अहवाल द्यायचा, प्रार्थनेचे विषय सांगायचे, पुढच्या काही वर्षांसाठी महिन्याला कोण किती देणार याची वचनं गोळा करायची. याला 'डेप्युटेशन' म्हणतात आणि इथे दुसरा घोळ होतो, कारण सरकारी नोकरीतल्या माणसाला डेप्युटेशन म्हटलं की प्रतिनियुक्ती आठवते. फर्लो म्हणजे सुट्टी हा समज टाळायला अनेक मिशन संस्थांनी 'फर्लो' शब्द सोडून 'होम असाइनमेंट', म्हणजे मायदेशातली कामगिरी, हा शब्द धरला. त्यावर आजही वाद आहे. जुन्या देणगीदारांचं म्हणणं, नाव बदललं आणि विश्रांतीचा हक्कच गेला. पूर्वी निदान रजा म्हणून तरी कोणी दोन आठवडे गावी जाऊ द्यायचं. संस्थांचं म्हणणं, काम आहे तर काम म्हणा, म्हणजे लोक 'सुट्टी कशी चाललीय' असं विचारणार नाहीत. मला संस्थांची बाजू जास्त प्रामाणिक वाटते. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. पहिला महिना एकही कार्यक्रम घ्यायचा नाही असं वेळापत्रकात लिहूनच ठेवलं पाहिजे, आणि ते लिहिलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

मुंबईला हा विषय नवा नाही. फेब्रुवारी १८१३ मध्ये इथे उतरलेल्या पहिल्या दोन अमेरिकन मिशनऱ्यांना ठरलेली रजा अशी नव्हतीच. एक जण तब्येत ढासळून काही वर्षांत परतला तो कायमचाच, दुसरा १८२६ मध्ये पटकीने गेला. १८२९ ला आलेला एक स्कॉटिश मिशनरी १८४३ मध्ये प्रकृतीसाठी मायदेशी निघाला आणि १८४७ ला परत आला. त्याच्यासोबत गेलेल्या पारशी ख्रिस्ती तरुणाला तिकडेच पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६९ ला सुवेझ कालवा खुला झाला, आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली, आणि ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर रजा ही पद्धत पाळणं सोपं झालं. विमानांनी ती रजा आणखी तोकडी केली.

आणखी एक प्रवास इथे मोजायला हवा. एका मराठी विदुषीने १८८६ पासून अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीचं वचन मिळवलं आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. तिने शब्द वापरला नसेल, पण काम डेप्युटेशनचंच होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटं झालं. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं. २०२१ च्या अधिसूचनेने तर ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही मिशनरी कामासाठी खास परवानगी सक्तीची केली. दुसरीकडे भारतीय मंडळ्या स्वतः माणसं पाठवू लागल्या. त्याची सुरुवात तिरुनेलवेलीत १९०३ मध्येच झाली होती. आज मुंबईतून बाहेर गेलेलं मराठी कुटुंब फर्लोवर येतं ते मुंबईलाच, आणि इथल्या अडचणी पूर्वीच्या परदेशी मिशनऱ्यांना माहीत नव्हत्या.

पैशाचंच घ्या. आपल्या धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला १९६१ च्या आयकर कायद्याने सहसा करसवलत दिली नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागायची. म्हणून मंडळीने एकत्र पाठवण्याऐवजी घराघरातून वैयक्तिक पाठिंबा जमवावा लागतो, आणि त्यासाठीच इतक्या मंडळ्या पालथ्या घालाव्या लागतात. शिवाय वर्षात १८२ दिवस इथे भरले की करासाठी रहिवासी ठरण्याचा प्रश्न येतो, त्यामुळे मुक्काम दिवस मोजून ठरतो. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, मुक्काम चार महिन्यांचा. मग बहिणीच्या कल्याणच्या वन बीएचकेत नऊ माणसं.

त्या रविवारी हॉलमध्ये टाचण्यांनी नकाशा लावला होता. शेजारी नऊ वर्षांची मुलगी उभी. वडिलांनी खूण केली की तिने बायबलमधल्या स्तोत्र २३ चं पहिलं वचन आधी तिकडच्या भाषेत म्हणायचं, मग मराठीत. मराठीत ती 'मेंढपाळ' शब्दाशी जरा अडली. ही तिची अकरावी मंडळी. महिला मंडळाच्या काकूंनी पोह्यांची बशी हातात दिली तेव्हा तिने हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी मी नुसतं बसले तर चालेल का?" काकू तिला घेऊन तिच्या आईकडे गेल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या, आणि ठाण्याच्या कार्यक्रमपत्रिकेतून मुलीचं वचन काढलं गेलं.