पॅच निघाला, पण घरी पोचला का?

कोथरूडमधल्या आमच्या घरात राउटर चपलांच्या कपाटावर असतो. लाल दिवा लागला तरच त्याची आठवण निघते. परवा सहज त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो, तर फर्मवेअरची, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख निघाली २०१९ची.

तारीख पाहून आधी वायफायवरचा ‘क्रॅक’ हा हल्ला आठवला. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातला संशोधक मॅथी व्हॅनहुफ याने १६ ऑक्टोबर २०१७ला तो जाहीर केला. पासवर्ड लावलेली बहुतेक वायफाय तेव्हा डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-पद्धतीवर चालत, आणि खोट कुण्या एका कंपनीच्या मालात नव्हती, त्या पद्धतीतच होती.

फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोप होतात. तिसरा आला की फोन सांकेतिक किल्ली बसवतो आणि चौथ्याने पोच देतो. पोच वाटेत हरवली तर राउटर तिसरा निरोप पुन्हा धाडतो. फोन बिचारा तीच किल्ली नव्याने बसवतो आणि माहितीच्या पाकिटांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. घोळ इथेच आहे. किल्ली आणि क्रमांक मिळून प्रत्येक पाकिटाचा वेगळा मुखवटा बनतो. क्रमांक परत आला की तोच मुखवटा दोन मजकुरांवर चढतो, आणि एकाचा अंदाज लागला की दुसराही उघडा पडतो. हल्लेखोर पोच मुद्दाम अडवतो, एवढंच. पासवर्ड त्याला कळत नाही आणि लागतही नाही. मात्र तो वायफायच्या टप्प्यात, जिन्यात नाहीतर शेजारच्या इमारतीत, हजर असावा लागतो.

कंपन्यांना हे जाहीर होण्याच्या काही आठवडे आधीच कळवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबरलाच गुपचूप दुरुस्ती, म्हणजे पॅच, देऊन टाकली. राउटरवाल्यांपैकी काहींनी लगेच नवं फर्मवेअर काढलं. काहींचं उत्तर होतं, ‘साध्या वापरात आमचा राउटर बाधित नाही.’ हात झटकल्यासारखं वाटतं, पण ते बरंचसं खरं होतं. किल्ली पुन्हा बसवण्याची चूक मुख्यतः जोडून घेणाऱ्याची, म्हणजे फोन-लॅपटॉपची. राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे दुसऱ्या वायफायचा टप्पा वाढवायला, लावला, तर तो स्वतःच दुसऱ्या राउटरला जोडून घेतो आणि मग त्यालाही दुरुस्ती लागते. आता आपला राउटर कुठल्या मोडमध्ये आहे, हे किती घरांत ठाऊक असतं?

दुरुस्तीची वाटही लांबलचक. वायफायची चिप ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक अशा कंपन्यांची. त्या आपला कोड सुधारतात. मग राउटर कंपनी तो आपल्या प्रत्येक मॉडेलमध्ये बसवून तपासते. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला असेल तर आणखी एक टप्पा. एकदाच विकलेल्या डब्यासाठी वर्षानुवर्षं इंजिनियर पोसणं कुठल्याही कंपनीला जड जातं. म्हणून जुनी मॉडेलं ‘एंड ऑफ लाइफ’ म्हणून जाहीर होतात. डबा चालू, पण कंपनीच्या लेखी वारलेला.

मे २०२१मध्ये व्हॅनहुफनेच ‘फ्रॅगअटॅक्स’ या नावाखाली वायफायमधल्या आणखी त्रुटी जाहीर केल्या. त्यांतल्या काही वायफायच्या १९९७च्या मूळ रचनेइतक्या जुन्या. तयारीला कंपन्यांना सुमारे नऊ महिने दिले होते. माझ्या २०१९च्या फर्मवेअरमध्ये ती दुरुस्ती असण्याचा प्रश्नच नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून अशा उपकरणांना सुरक्षा-दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील, हे सांगणं कंपन्यांना बंधनकारक आहे. सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायलाही बंदी. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, मी राउटरची दोन-चार खोकी उलटसुलट करून पाहिली. वेग आणि अँटेनांची संख्या ठळक अक्षरांत होती, दुरुस्तीची मुदत काही सापडली नाही.

शेवटी आमच्या नेटवाल्याला फोन केला. फर्मवेअर जुनं आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “काका, नेट चालू आहे ना? मग कशाला हात लावताय?”