तेरुमा: निवासमंडपाची मापे आणि त्यांच्या अभ्यासाची परंपरा

तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, ज्यू समाजात 54 साप्ताहिक पाठांत वाटलेली आहे. निर्गम 25:1 ते 27:19 हा ‘तेरुमा’ पाठ बहुधा फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी येतो. एकूण 96 वचने, आणि त्यांत कथा जवळजवळ नाहीच. आधी लोकांनी स्वेच्छेने द्यायच्या सामानाची यादी येते: सोने, चांदी, पितळ, रंगीत सूत, कातडी, बाभळीचे लाकूड. पुढे येतात ती निवासमंडपाची, म्हणजे अरण्यातल्या प्रवासात उपासनेसाठी उभारलेल्या तंबूची, मापे.

वर्षभरात तोरा पूर्ण करण्याची पद्धत बाबेलच्या ज्यूंची. इस्राएलच्या भूमीत ती सुमारे तीन वर्षांत संपत असे, असे तल्मूदच्या (ज्यू धर्मनियमांवरील चर्चांच्या संग्रहाच्या) मगिल्ला प्रकरणात नोंदले आहे. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तुदेलाच्या बेंजामिन या प्रवाशाला कैरोत दोन्ही चाली शेजारी शेजारी दिसल्या. पुढे वार्षिक क्रम सर्वत्र रुजला. घरी प्रत्येक वचन दोनदा मुळातून आणि एकदा अरामी भाषांतरातून वाचावे, हा तल्मूदमधला दंडक आजही पाळला जातो. सभेत पाठानंतर 1 राजे 5:26–6:13 हे शलमोनाच्या मंदिराचे वर्णन वाचतात. मात्र त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, शेकालीमचे (अर्ध्या शेकेलच्या वर्गणीचे) विशेष वाचन आले, तर हा उतारा बदलतो.

इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले. त्याच्याही कित्येक शतके आधीच्या तंबूची मापे पुढच्या पिढ्यांनी एवढ्या बारकाईने का जपली? मोठे कारण शब्बाथ. मिश्नेत, म्हणजे तल्मूदच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहात, शब्बाथला वर्ज्य असलेली 39 कामे दिली आहेत आणि तल्मूद त्यांची सांगड निवासमंडपाच्या कामांशी घालते: रंगवणे, विणणे, शिवणे, कातडे कमावणे. फळी कशी उभी राहिली, पडदा कसा जोडला, हे प्रश्न त्यामुळे दर आठवड्याच्या आचरणाला भिडले. केवळ या बांधकामावर ‘बरायता दे-मलेखेत हा-मिश्कान’ हे 14 प्रकरणांचे प्राचीन संकलन तयार झाले. अकराव्या शतकातल्या राशी या फ्रान्समधल्या भाष्यकाराने आपल्या भाष्यात अशाच जुन्या हिशेबांचा आधार घेतला. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी हिब्रूची वाट मराठीतूनही उघडली: जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण 1832 साली मुंबईत निघाले.

अभ्यासाला बसताना कागद-पेन्सिल हवीच. नुसत्या वाचनाने हा पाठ कळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका हाताची लांबी आधी ठरवून घ्यावी. प्रचलित मतांपैकी एक सुमारे 48 सेंटिमीटर धरते, दुसरे सुमारे 58. चित्रासाठी कोणतेही चालेल, पण मध्येच बदलू नये.

फळ्या 10 हात उंच, दीड हात रुंद. उत्तरेला 20, दक्षिणेला 20, म्हणून लांबी 30 हात. पश्चिमेला 6 आणि कोपऱ्यांच्या 2. इथेच बहुतेक नकाशे बिघडतात. आठ फळ्यांची रुंदी 12 हात भरते आणि ती सरळ आतली रुंदी म्हणून मांडली जाते. आतली रुंदी 10 हात आहे. कोपऱ्यातल्या प्रत्येक फळीचा अर्धा हातच आत दिसतो. उरलेला एक हात बाजूच्या फळीची जाडी झाकतो. ही एक हात जाडी वचनांत दिलेलीच नाही, ती परंपरेने हिशेबातून काढली. तल्मूदमधले रब्बी (धर्मपंडित) नहेम्या फळी वरपर्यंत तेवढीच जाड मानतात. रब्बी येहुदांच्या मते ती वर बोटभर होत जाते.

या वादाचा परिणाम पडद्यांवर दिसतो. तलम सणाच्या कापडाचे 10 पडदे प्रत्येकी 28 हात लांब. रब्बी येहुदांप्रमाणे छताचे 10 हात वजा केले की दोन्ही बाजूंना 9–9 हात लोंबतात आणि तळाची हातभर उंचीची चांदीची उथळी (फळीच्या बुडाची बैठक) उघडी राहते. रब्बी नहेम्यांप्रमाणे दोन्हीकडच्या फळ्यांची जाडी धरून 12 हात वजा होतात आणि 8–8 उरतात, म्हणजे उथळीबरोबर फळीचाही एक हात उघडा. वरचे बकऱ्याच्या केसांचे पडदे 30 हातांचे, त्यामुळे झाकण प्रत्येक बाजूला एक हात वाढते.

आपले गणित जुळले का, हे तपासायला 26:33 उपयोगी पडते. पडदे पाच-पाचांच्या दोन जोडांत शिवलेले, प्रत्येक पडदा 4 हात रुंद. दोन्ही जोड 50 सोन्याच्या आकड्यांनी (हुकांनी) जोडलेले. पुढून मोजल्यास आकडे 20 हातांवर येतात. अंतरपट, म्हणजे मंडपाचे दोन भाग करणारा आतला पडदा, या आकड्यांच्या खाली टांगायचा आहे, म्हणून त्याच्यामागे 10 × 10 हातांचे परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतला भाग, उरतो. चित्रात अंतरपट दुसरीकडे आला, तर चूक पडद्यांच्या मांडणीत शोधावी.

उथळ्या मोजताना 48 फळ्यांच्या 96 आणि अंतरपटाच्या खांबांच्या 4, अशा चांदीच्या 100 होतात. दाराच्या 5 खांबांच्या उथळ्या पितळेच्या. त्या यात मिसळू नयेत. धूपवेदी आणि गंगाळ या पाठात नाहीतच. दोन्ही 30व्या अध्यायात येतात, धूपवेदी ‘तेत्सावे’ पाठात आणि गंगाळ ‘की तिस्सा’ पाठात; म्हणून तेरुमापुरत्या आराखड्यात त्यांची जागा मोकळी ठेवावी.