सीझन संपला म्हणजे नक्की काय संपलं? थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी मे संपत आला, इंग्लंड-युरोपातल्या फुटबॉलचा सीझन आटोपला की आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो सुटलो बाबा, आता दोन-अडीच महिने शनिवार-रविवार घरच्यांचे, रात्री साडेबाराच्या मॅचसाठी जागरण नाही, हरल्यावर सोमवारी ऑफिसात तोंड लपवणं नाही. दुसरा म्हणतो, आता करायचं काय? आणि खरं सांगायचं तर ही दोन वेगळी माणसं नाहीतच, तोच माणूस सकाळी पहिल्या तटात असतो आणि रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्या. विसर्जनाहून रिकामा पाट घेऊन परत येताना हलकंही वाटतं आणि घरात पाऊलही टाकवत नाही, तसलंच काहीतरी.

बडोद्यात हे कुणाला समजावणं अजून अवघड. हे गाव क्रिकेटचं, पाच वेळा रणजी जिंकलेलं, आणि त्याआधीचं म्हणाल तर आखाड्यांचं आणि हुतूतूचं. मे म्हणजे इथे आयपीएल आणि आमरस. फुटबॉल संपलं म्हणून चेहरा पाडून बसलेल्याला काका विचारतात, "अरे मग मॅच चालू आहे ना, बघ की!" त्यांच्यासाठी मॅच एकच प्रकारची असते.

गंमत म्हणजे आमचा सीझन मे मध्ये थांबतो तोच मुळी क्रिकेटमुळे. इंग्लंडात १८५७ साली शेफिल्डला जो क्लब निघाला तो क्रिकेटवाल्यांनीच काढला, हिवाळ्यात अंगाला गंज चढू नये म्हणून. उन्हाळा बॅटीचा, थंडी फुटबॉलची, मैदान बहुतेक ठिकाणी तेच. शेफिल्डच्याच ब्रॅमल लेनवर तर १९७३ पर्यंत दोन्ही खेळ नांदले. १८८८ ला बारा क्लबांची लीग सुरू झाली ती याच वेळापत्रकात बसवून, आणि पुढे मैदानं वेगळी झाली, क्लब अब्जावधींचे झाले तरी कॅलेंडर तेच राहिलं. म्हणजे इथे बडोद्यात पोलो ग्राउंडवर बॅटवाले आले की आम्ही बॉल काखेत मारून उठायचो, तोच हिशोब, फक्त दीडशे वर्षांचा.

मधला बराच काळ मी सोडून देतो, तो पुस्तकात मिळेल. माझा काळ सुरू होतो २६ मे २००५ ला रात्री सव्वाबाराला. युरोपच्या क्लबांचा जो मोठा कप, चॅम्पियन्स लीग, त्याची इस्तंबूलची फायनल, हाफटाइमला इंग्लंडचा क्लब लिव्हरपूल ०-३, नंतर सहा मिनिटांत ३-३, मग पेनल्टीवर कप. युनिव्हर्सिटीत शिकत होतो, मित्राच्या खोलीवर सहज म्हणून बघायला गेलो आणि पहाटे तिथून फॅन होऊन बाहेर पडलो. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की सीझन संपला! म्हणजे जेवायला बसलो आणि पंगत उठली. त्यामुळे माझ्या बाबतीत हे प्रेम सुरूच झालं ते शेवटापासून, ऑगस्टपर्यंत नुसती जुनी पानं वाचत बसलो होतो, केबलवाल्याला विचारत होतो की तो चॅनल पॅकमध्ये राहणार ना.

बरं, सीझन संपतो म्हणजे एकदाच संपतो असंही नाही. २०१९ घ्या. १२ मे ला इंग्लंडच्या लीगचा शेवटचा दिवस, सगळ्या दहा मॅचेस एकाच वेळी, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. ब्रायटनने मँचेस्टर सिटीवर गोल केला आणि त्यांची ती आघाडी टिकली ८३ सेकंद. ८३! मी पाणी प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत सगळं जागच्या जागी. लिव्हरपूल ९७ पॉइंट करून दुसरं, सिटी ९८. त्या दिवशी सीझन संपला असं मी जाहीर केलं आणि वीस दिवसांनी, १ जूनला, माद्रिदला युरोपचा कप जिंकल्यावर परत संपला, या वेळी वेगळ्या चवीने. २०२२ ला याच्या उलट. खेळता येतील तेवढ्या सगळ्या म्हणजे ६३ मॅचेस खेळलो, देशातले दोन्ही कप जिंकले, २२ मे ला लीग एका पॉइंटने गेली आणि २८ मे ला पॅरिसला झालेली युरोपच्या कपची फायनल ०-१. दोन कप घरात आणि तरी मी आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही. घरच्यांना यात आनंद मानायचा की सुतक पाळायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण "संपला" या शब्दाची खरी चिरफाड झाली ती २०२० ला, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, चालवून घ्या.

१३ मार्चला कोरोनामुळे इंग्लंडची लीग थांबली. लिव्हरपूल २५ पॉइंटने पुढे, नऊ मॅचेस बाकी, दोन जिंकल्या की तीस वर्षांनी लीग. आणि तेव्हा सगळीकडे "नल अँड व्हॉइड" हा एक शब्द फिरायला लागला, आपल्याकडे कुणी त्याचं रद्द केलं, कुणी स्थगित, कुणी रद्दबातल, जणू तिन्ही एकच. आमचे एक काका कोर्टात नोकरीला होते, फुटबॉलचं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण हे ऐकून ते म्हणाले, "स्थगित म्हणजे परत सुरू होईल. रद्द म्हणजे पुढचं होणार नाही. रद्दबातल म्हणजे मागचंही झालंच नव्हतं." त्या दिवशी पोटात गोळा आला.

कारण हे नुसतं बोलणं नव्हतं. इंग्लंडात वरच्या काही पायऱ्या सोडून खालच्या लीगचे त्या सीझनचे निकाल खरोखर पुसून टाकले. साउथ शील्ड्स बारा पॉइंटने पुढे होतं, पुसलं. जर्सी बुल्स नावाच्या नव्या क्लबने २७ पैकी २७ लीग मॅचेस जिंकल्या होत्या, त्याही पुसल्या. विचार करा, त्यांच्या फॅनचा सीझन संपलाही नाही आणि झालाही नाही. अशी वेळ आधीही एकदा आली होती, १९३९ ला महायुद्ध लागलं तेव्हा तीन मॅचेस झाल्या होत्या, तिन्ही जिंकून ब्लॅकपूल टॉपला, आणि तो हिशोबच काढून टाकला. पण तीन मॅचेस पुसणं वेगळं आणि सत्तावीस पुसणं वेगळं.

बाकी देशांनी आपापला अर्थ लावला. हॉलंडने २४ एप्रिलला सांगितलं की सीझन इथेच थांबला, चॅम्पियन कुणी नाही, वरच्या डिव्हिजनमध्ये कुणी जाणार नाही, खालच्यात कुणी येणार नाही. टॉपला असलेल्या आयॅक्स आणि ए-झेड या दोन्ही क्लबांचे ५६ पॉइंट होते, त्यातही ए-झेडने आयॅक्सला दोन्ही वेळा हरवलेलं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टॉपला असलेलं कांबूर होतं तिथेच राहिलं, कोर्टात गेलं, उपयोग झाला नाही. फ्रान्सने उलटं केलं, दहा राउंड बाकी असताना मॅचमागे किती पॉइंट पडले याचा भागाकार करून टेबल लावलं आणि पॅरिस सेंट-जर्मेन या क्लबला लीग देऊन टाकली. लियों सातवं निघालं आणि बरीच वर्षं सलग युरोपात खेळलेला क्लब बाहेर पडला. खाली गेलेल्या दोघांना कोर्टाने मधे दिलासा दिला, पण शेवटी ते खाली गेलेच. स्कॉटलंडमध्ये तर मतदान झालं आणि एका क्लबचं "नाही" चं मत ईमेलमध्ये कुठेतरी अडकून पडलं, मग त्याच क्लबने "हो" केलं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा एवढं होत नाही.

मी लिव्हरपूलवाला, तेव्हा माझं मत धरू नका, पण मला विचाराल तर हॉलंडवाला निर्णय सगळ्यात वाईट. पुसायचं तर सगळं पुसा, नाहीतर भागाकार करा, हे मधेच "खेळलात ते खरं, पण मिळणार काही नाही" म्हणजे काय? अर्थात आमच्याऐवजी सिटी २५ पॉइंटने पुढे असती तर मी रद्दबातलच्या बाजूने भांडलो असतो, हेही इथेच कबूल करतो.

इंग्लंडने मग उरलेल्या ९२ मॅचेस रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवल्या, १७ जूनपासून. २५ जूनला चेल्सीने सिटीला हरवलं आणि लिव्हरपूल घरबसल्या चॅम्पियन. इथे पहाटेचे अडीच वाजून गेले होते, सगळी सोसायटी अंधारात, मी ओरडलो. आई धावत बाहेर आली आणि पहिला प्रश्न, "कोण गेलं रे?" ते दिवसच तसे होते. तीस वर्षांनी मिळालेला आनंद मी असा, आईची समजूत काढत साजरा केला. आणि २६ जुलैला संपलेला सीझन ४८ दिवसांत १२ सप्टेंबरला परत सुरू. सुटलो म्हणायलाही वेळ नाही आणि काय करायचं म्हणायलाही नाही.

तेव्हापासून मला जून-जुलैच्या रिकामपणाबद्दल तक्रार करायची जरा लाज वाटते. तसंही ट्रान्सफर विंडोमुळे, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मोसमामुळे, आता काही संपतच नाही, अमका येतोय, तमका जातोय, पावसात पकोडे खात रात्रभर तेच. नाक्यावरच्या पानवाल्या भाईंना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण माझं तोंड बघून विचारतात, "पाछुं क्यारे चालु?" म्हणजे परत कधी चालू?

२०२५ ला लीग फारच लवकर मिळाली, २७ एप्रिलला, चार मॅचेस शिल्लक असताना. महिनाभर नुसतं टेबल बघत बसायचं, हरलो तरी फरक नाही. विचित्र वाटायचं, सुट्टी लागल्यावर शाळेत जाऊन बसल्यासारखं. २५ मे ला कप हातात आला आणि मी म्हणालो, आता मस्त झोप काढू, कधी नव्हे तो निवांत उन्हाळा. ३ जुलैला दुपारी फोन वाजायला लागले. आमचा २० नंबर, दियोगो जोटा, ज्याचं लग्न होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, स्पेनमध्ये कार अ‍ॅक्सिडेंटमध्ये भावासकट गेला. तो नंबर क्लबने कायमचा काढून ठेवला.

नवा सीझन १५ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या रात्री साडेबाराला. विसाव्या मिनिटाला सगळं स्टेडियम उभं राहून त्याचं गाणं म्हणायला लागलं. इथे एकला दहा कमी होते, टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला, आणि या वेळी आई आधीच उठून माझ्या शेजारी येऊन बसली होती.