गोव्यातील ख्रिस्ती नित्यप्रार्थना आणि मिशनसहभाग

रोजच्या व्यापात प्रार्थनेचा नेम न मोडणे आणि त्या प्रार्थनेतून दूरच्या मिशनकार्याला, म्हणजे धर्मप्रचार, रुग्णसेवा, शिक्षण, निराश्रितांची देखभाल अशा कामांना हातभार लावणे, अशी ही दुहेरी प्रथा आहे. गोव्यात तिचे रूप मुख्यतः कॅथलिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २५ टक्के होती. घरातली प्रार्थना कोकणीत चालते, पण शेजार जुना असल्यामुळे तेर्स, लादाइन, सायबीण, खुरीस (क्रूस), फेस्त (सण) हे शब्द म्हापसा-डिचोलीकडच्या मराठी बोलणाऱ्या घरांतही समजावून सांगावे लागत नाहीत. गोव्याबाहेरच्या वाचकाला मात्र ते सांगावे लागतील, आणि सुरुवात तेर्सापासूनच करायला हवी.

तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’. पूर्ण जपमाळेत, म्हणजे रोजारीत, येशूची आई मरिया हिची प्रार्थना दीडशे वेळा येई. रोज एवढे जमत नाही म्हणून तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा-दहाचे पाच गट, घरोघरी म्हटला जाऊ लागला. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोजारीत आणखी पाच रहस्यांची, म्हणजे दहाच्या एकेका गटाबरोबर मनात आणायच्या येशू-मरियेच्या जीवनप्रसंगांची, भर घातली, तेव्हापासून हिशेबाने हा तिसरा नव्हे, चौथा हिस्सा झाला. नाव अर्थातच कोणी बदलले नाही.

संध्याकाळी इगर्जेची (चर्चची) आंजेलूसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की चालणारा माणूस थांबतो, निदान पूर्वी थांबत असे. मग दिवे लागल्यावर, जेवणाआधी, घरातल्या आल्ताराकडे, म्हणजे देव्हाऱ्याकडे, तोंड करून सगळे बसतात. ‘नमान मारिये’चा, म्हणजे त्या मरियेच्या प्रार्थनेचा, पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी. म्हणणारी बहुधा आजी असते. तिचा हात मण्यांवर असतो आणि कान स्वयंपाकघरात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की डोळ्यांनीच सुनेला खूण होते, जीभ मात्र ‘नमान’ सोडत नाही. चौथ्या दहाव्याला (दहाच्या गटाला) धाकटी नात भिंतीला टेकून पेंगते. माळ संपली की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून बेसांव मागायचे, म्हणजे आशीर्वाद. भांडण झालेल्या दिवशीही हे चुकत नाही. ज्याच्याशी दिवसभर अबोला धरला, त्याच्यापुढेही हात जोडायला लागतातच. तेर्स टिकला तो भक्तीच्या जोरावर, असे सगळे म्हणतात. त्यात या बेसांवाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

घरातला नेम वाड्यावर येतो तेव्हा त्याची पाळी होते. वाटेवरच्या खुरसाकडे वर्षातून एकदा लादाइन असते. मेणबत्त्या, फुलांच्या माळा, जमल्यास एखादे व्हायोलिन, आणि मरियेच्या नावांची लांबलचक गायलेली माळ. पूर्वी हे सगळे लॅटिनमध्ये चाले. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना अर्थ ठाऊक नसे, दुसरा स्वर कुठे धरायचा हे मात्र पक्के ठाऊक असे. शेवटी उकडलेले चणे, मोठ्यांना फेणीचा घोट. यंदा लादाइन कोणाकडे, पुढल्या वर्षी कोणाकडे, हे ठरलेले असते. सायबिणीचेही तसेच. मरियेची मूर्ती वाड्यावरच्या प्रत्येक घरी एकेक मुक्काम करते आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्यांच्या मिरवणुकीने पुढच्या उंबऱ्यावर जाते. आज आपल्याकडे सायबीण आहे म्हटल्यावर ज्याला एरवी प्रार्थनेला वेळ नसतो तोही अंगण झाडून घेतो.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालते ते कसे? गटागटांच्या पाळ्या लावलेल्या असतात म्हणून. एकट्याच्या उत्साहावर सोपवले तर पहाटे तीनला देवळात टाळ वाजणार नाही. लादाइन आणि सायबीण यांची बांधणी याच जातीची आहे. दोन्हीकडे देव निराळा आणि सूर निराळा असला तरी पाळी चुकवायची लाज एकच असते.

‘मिशन’ हा शब्द मात्र गोव्यात हलका नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीत आणि १५६७ मध्ये सासष्टीत देवळे पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा असे देव खाडीपलीकडे फोंड्याच्या मुलखात हलवावे लागले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये काही वर्षांचा खंड वगळता, इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मबाह्य वर्तनाची चौकशी करून शिक्षा देणारे, न्यायालय चालले. १६८४ च्या फर्मानाने तर लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम झाला. मिशनची गोष्ट सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. आजचे गोमंतकीय ख्रिस्ती ज्या मिशनसाठी प्रार्थना करतात ते त्या राजसत्तेच्या धर्मकारणापेक्षा वेगळे आहे, पण शब्द तोच असल्यामुळे शेजाऱ्याच्या मनात काय येत असेल याची जाण त्यांनाही असते.

त्याच काळात प्रार्थना लोकांच्या तोंडी बसवण्याचे कामही झाले. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घेत. चाल लागलेली प्रार्थना मूल घरी नेते आणि घरच्यांना शिकवते, हे ज्याच्या घरी लहानपणी परवचा झाला त्याला सांगायला नको. १५७९ मध्ये आलेले जेझुइट (येशूसंघ) या धर्मसंघाचे इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीछंदात आहे, भाषा कोकणीची छटा असलेली मराठी, आणि १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. रविवारी आणि सणांना ते इगर्जांतून वाचले जाई. पोथी लावायची आणि लोकांनी ऐकायची, ही इथली सवयच त्यांनी उचलली.

पण नित्यप्रार्थना आणि मिशन यांचा सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो जोसेफ वाझ यांच्या चरित्रात. १६५१ मध्ये बाणावलीत जन्मलेले हे गोमंतकीय पाद्री १६८७ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेले. तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती, म्हणून मजुराच्या वेषात. जाफन्यात कॅथलिक कोण हे विचारायची सोय नव्हती. विचारणाराच पकडला गेला असता. तेव्हा त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. माळ पाहून ज्याची नजर क्षणभर थबकली, तो आपला. घरात लपून तेर्स म्हणणारी माणसे त्यांना अशी सापडत गेली. पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैद झाली, सुटका झाली आणि १६ जानेवारी १७११ रोजी तिथेच ते वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस त्यांच्या पाठोपाठ गेले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना केली. पाद्री पोचण्याआधी विश्वास तग धरून राहिला तो घरच्या माळेवर, असा बोध गोव्याच्या इगर्जांतून आजही ऐकायला मिळतो.

सगळेच सिलोनला जाऊ शकत नाहीत. घरी राहणाऱ्याने काय करायचे, याची उत्तरे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मिळाली आणि ती गोव्यातही रुजली. लियाँ शहरातील पॉलीन जारिको या तरुणीने रेशीम कामगार मुलींकडून मिशनसाठी आठवड्याला एकेक नाणे जमवायला सुरुवात केली. दहा जणींमागे एक जमवणारी. यातून १८२२ मध्ये धर्मप्रसारासाठीची संस्था उभी राहिली. १८२६ मध्ये जारिकोनेच ‘जिवंत रोजारी’ काढली. पंधरा जणांचा गट, प्रत्येकाने रोज एकच दहावा म्हणायचा, मिळून पूर्ण रोजारी. पुन्हा पाळीच! १८४३ मध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेची मागणी इतकीच होती: रोज एक ‘नमान मारिये’, महिन्याला एक नाणे. आणि ३ डिसेंबर १८४४ रोजी, म्हणजे झेवियरच्या सणादिवशी, फ्रान्समधल्याच व्हाल्स येथे मिशनवर जायला उतावीळ झालेल्या जेझुइट विद्यार्थ्यांना त्यांचे गुरू फादर गोत्रले यांनी सांगितले की आत्ता अभ्यास, सैपाक, झाडलोट जे काय करता तेच सकाळी देवाला अर्पण करा, तेच तुमचे मिशन. यातून उभ्या राहिलेल्या चळवळीत पुढे दर महिन्याला पोपकडून प्रार्थनेचा हेतू, म्हणजे त्या महिन्यात कशासाठी प्रार्थना करायची ते, येऊ लागला.

गोमंतकीयांपर्यंत तो हेतू कोकणीतून पोचला. ‘दर म्हयन्याची रोटी’ हे मासिक १९१५ मध्ये सुरू झाले ते गोव्यात नव्हे, कराचीत, कारण नोकरीधंद्यासाठी गेलेल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती होती. आता ते गोव्यातून जेझुइट चालवतात. नावातच त्याचा पंथ आहे: रोटी रोज लागते, मेजवानी नव्हे.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धर्मसंघ बंद केल्यानंतर मिशनचा वारसा स्थानिक पाद्रींवर आला. १८८७ मध्ये बेंतो मार्तिन्स यांनी काणकोणातील आगोंद येथे झेवियरच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. पुढे तो मंदावला, १९३९ मध्ये पिळार येथे पुन्हा उभा राहिला. आज ‘पिळारचे पाद्री’ म्हटले की हाच संघ. याच संघाचे आग्नेल द सौझ (१८६९–१९२७) पदवीने ‘पूजनीय’ (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) असले तरी लोकांच्या बोलण्यात अजून ‘पाद्री आग्नेल’च आहेत आणि त्यांच्या पिळारच्या समाधीवर मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू घरचे लोकही असतात.

ऑक्टोबरच्या उपांत्य रविवारी जगभर मिशन रविवार पाळतात. ही प्रथा १९२६ ची. त्या दिवशीची दानपेटी गरीब धर्मप्रांतांकडे जाते. ऑक्टोबर हाच रोजारीचाही महिना. १९२७ मध्ये मिशनांचे आश्रयदाते संत म्हणून झेवियरच्या जोडीला लिझ्येच्या तेरेजचे नाव घातले गेले. पंधराव्या वर्षी मठात शिरलेली आणि चोविसाव्या वर्षी तिथेच वारलेली ही मुलगी एकाही मिशनवर गेली नव्हती. घरी राहणाऱ्यांना ही जोडी आवडते यात नवल नाही.

गोव्यात कामानिमित्त आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबेही आहेत. त्यांच्या घरच्या प्रार्थनासभेत माळ नसते. शास्त्रपाठ असतो आणि नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदे असतात.

नेमाची खरी परीक्षा गाव सुटल्यावर होते. मुंबईत गावागावाच्या कूड, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या जागा, होत्या, काही अजून आहेत; धोबीतलावच्या जेर महालात तर एकाच इमारतीत अनेक. बोटीवर लागण्याची वाट पाहणारा तारवटी (खलाशी) पेटी भिंतीला लावून तिथे राही. भाडे नाममात्र, पण रात्री आठच्या सुमारास आल्तारापुढे तेर्साला हजर राहायचे हा नियम. घराची आठवण आली तरी माळ हातात असे, नाही आली तरी असे.

आज तीच मुले आखातात, लंडनजवळ किंवा क्रूझवर आहेत. फोन स्टँडवर उभा करून माळ म्हणतात. आवाज मागेपुढे होतो, ‘आमच्या बापा’ दोनदा येतो. २०२० मध्ये इगर्जा बंद झाल्या तेव्हा हीच सवय अनेक घरांना उपयोगी पडली. तक्रारी नेहमीच्याच: वेळ नाही, मुले उठून जातात, टीव्हीची मालिका तेर्साच्याच वेळेला लागते. त्याहून मोठी अडचण बंद घरांची. सायबिणीची पाळी आली आणि घराला कुलूप असले, तर काही वाड्यांवर किल्ली सांभाळणारी शेजारीण दुपारीच दार उघडते, जळमटे काढते आणि संध्याकाळी त्या रिकाम्या घरात आठ-दहा जण तेर्स म्हणतात. बेसांव मागायला घरचे मूल नसते. शेजारीण दिवा लहान करते, कुलूप लावते आणि मालकिणीला फोटो पाठवते.